गाडी ऑइल पितेय, पण इंजिन खोलायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१३ ची १५० सीसीची एअर-कूल्ड मोटरसायकल, ७२,००० किलोमीटर झालेली. रोज कराडहून साताऱ्याला नोकरीसाठी जाऊन-येऊन, म्हणजे दिवसाला शंभरेक किलोमीटर हायवे. दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलता, पण मागच्या दोन्ही वेळा जुनं ऑइल काढलं तेव्हा जवळजवळ निम्मंच निघालं. सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा धूर दिसतो, नंतर दिसत नाही. गॅरेजवाला म्हणतो, "हाफ इंजिन करावं लागेल," म्हणजे वरचं हेड आणि त्याखालचा ब्लॉक, ज्यात पिस्टन फिरतो, ते खोलून दुरुस्त करायचं. मित्र म्हणतो, "जाड ऑइल टाक, काही होत नाही." कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

कोल्हापुरात गेली पंचवीस वर्षं मी हेच काम करतोय, म्हणून स्पष्ट सांगतो: आज दोघांचंही ऐकू नका. ऑइल किती जातंय आणि कुठून जातंय, हे दोघांपैकी कोणीच बघितलेलं नाही. ऑइल कमी होणं वेगळं आणि ऑइल जळणं वेगळं. माझ्याकडे "गाडी ऑइल पितेय" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं ऑइल जळत नसतं, गळत असतं, नाहीतर चुकीचं मोजलेलं असतं.

आधी मोजमाप. तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करू. समजा इंजिनात ११०० मिली टाकलं आणि ५०० मिली निघालं. ३,००० किलोमीटरला ६०० मिली, म्हणजे हजाराला २०० मिली. पण हा आकडा पक्का धरू नका. ऑइल काढताना इंजिन थंड असेल, गाडी साइड स्टँडवर कललेली असेल, तर बरंच ऑइल आतच राहतं. फिल्टर आणि क्लच कव्हरमध्येही थोडं साचून असतं. त्यामुळे निघालेलं ऑइल बघून जळलेलं ऑइल काढायचा हिशेब नेहमी फुगतो.

खरं मोजायची रीत अशी. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, ऑइल खाली उतरायला तीन-चार मिनिटं द्या, मग लेव्हल बघा. तुमच्या गाडीला लेव्हल बघायची काच असेल तर सोपं आहे. डिपस्टिक असेल तर ती आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि गाडीगणिक बदलतं. यात गल्लत झाली तर लेव्हल चांगलीच चुकते. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहून ठेवा, ५०० किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि त्याच जागी, त्याच पद्धतीने परत बघा. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा आणि परत वरच्या खुणेपर्यंत यायला किती मिली लागलं ते लिहा. त्याची दुप्पट म्हणजे तुमचा हजार किलोमीटरचा आकडा. असं दोनदा करा. तुमचं तर दहा-बारा दिवसांत होऊन जाईल.

माझ्या कामातला अंदाज सांगतो. एवढ्या चाललेल्या, रोज हायवेवर पळणाऱ्या एअर-कूल्ड गाडीने हजाराला ५० ते १०० मिली घेतलं तर मी इंजिनाला हात लावत नाही. १०० ते २०० च्या मध्ये असेल तर कारण शोधतो, पण घाई करत नाही. ३०० च्या पुढे गेलं की काम काढावंच लागतं. कारमध्ये तीन-चार लिटर ऑइल असतं, तिथे ३०० मिलीने फार बिघडत नाही. आपल्या गाडीत सगळं मिळून लिटरभर. त्यातलं ३०० मिली म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा.

वेगाचाही यात मोठा हात असतो. तेच इंजिन ६० च्या वेगाने चालवलं आणि तासभर ८५-९० वर धरलं, तर ऑइलच्या खर्चात उघड फरक पडतो. आरपीएम जास्त, उष्णता जास्त, ऑइल पातळ होतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या वर जास्त जातं. म्हणून मोजायच्या दिवसांत नेहमीपेक्षा जपून चालवू नका, नाहीतर आकडा खोटा येईल.

आता ऑइल बाहेर गळत नाही ना, हे बघा. इंजिन थंड असताना रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, पुसून पूर्ण वाळवा आणि जोडांवर टाल्कम पावडर मारा. वीस-तीस किलोमीटर फिरून या. पावडर जिथे ओली, तिथे गळती. टॅपेट कव्हर, हेड आणि ब्लॉकचा जोड, क्लच कव्हर, ड्रेन बोल्टचा वॉशर या जागा सगळे बघतात. राहून जाते ती पुढच्या स्प्रॉकेटमागची ऑइल सील. तिथलं ऑइल चेनच्या ग्रीसमध्ये आणि मातीत मिसळतं, त्यामुळे बघणाऱ्याला ते चेनचंच वाटतं. कव्हर काढून बघितल्याशिवाय कळत नाही.

यानंतर एअर फिल्टरचा बॉक्स उघडा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथे बघून कित्येकांचं हाफ इंजिन वाचलंय. क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतला, दाब बाहेर पडायला एक ब्रीदर पाइप असतो, तो बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरच्या बॉक्सला जोडलेला असतो. इंजिनात ऑइल जास्त भरलं की ते फेसाळतं आणि ब्रीदरमधून फिल्टरमध्ये येतं, तिथून कार्बोरेटरमधून आत ओढलं जाऊन जळतं. धूर निळाच येतो. बघणारा म्हणतो, रिंगा गेल्या. ऑइल जास्त पडतं कसं, तर बाटली लिटरची असते आणि पुष्कळ १०० सीसी गाड्यांना नुसतं ऑइल बदलताना त्यापेक्षा कमी लागतं. मॅन्युअलमध्ये दोन आकडे दिलेले असतात: एक नुसतं ऑइल बदलण्याचा, दुसरा इंजिन पूर्ण खोलून भरण्याचा. दुसरा नेहमी जास्त असतो. ते न बघता अख्खी बाटली रिकामी करायची सवय सगळीकडे आहे.

एक शिक्षक त्यांची १०० सीसीची गाडी घेऊन आले होते. दुसरीकडे त्यांना हाफ इंजिनचा खर्च लिहून मिळाला होता. मी फिल्टरचा बॉक्स उघडला तर फिल्टर ऑइलने निथळत होता. जास्तीचं ऑइल काढलं, नवा फिल्टर टाकला, बॉक्स पुसून घेतला. धूर तरीही दोन दिवस येत राहिला आणि ते घाबरून परत आले. सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइल जळून जायला पन्नास-शंभर किलोमीटर लागतात. तिसऱ्या दिवशी धूर थांबला. हे लक्षात ठेवा, कारण कोणतंही काम केल्यावर पहिल्याच फेरीत धूर दिसला म्हणजे काम फसलं, असं होत नाही.

याच्या उलटही घडतं. कार्बोरेटरची फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर रात्रभर पेट्रोल झिरपून इंजिनात उतरतं. मग ऑइल जळत असूनही लेव्हल कमी झालेली दिसत नाही, कधी वाढलेलीही दिसते. झाकण काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर आधी कार्बोरेटर दुरुस्त करा आणि ते ऑइल लगेच काढून टाका. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच ऑइल जळतंय असं म्हणायचं. मग प्रश्न येतो, वरून जळतंय की खालून. वरून म्हणजे हेडमधून, व्हॉल्वच्या गाईड (व्हॉल्वचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) आणि सीलवाटे (दांड्यावरचं रबर). खालून म्हणजे पिस्टनच्या रिंगांवरून. इथे धुराच्या रंगापेक्षा धूर कधी येतो ते जास्त सांगून जातं.

रात्रभर गाडी उभी असते, हेडमधलं ऑइल कडक झालेल्या सीलमधून थेंब थेंब व्हॉल्वच्या दांड्यावरून खाली उतरतं. सकाळी स्टार्ट केलं की ते जळतं, मिनिटभर निळसर धूर येतो आणि थांबतो. हे व्हॉल्व सीलचं लक्षण. दुसरी खूण घाटात मिळते. आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट उतरताना तुम्ही गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल बंद करता. थ्रॉटल बंद असतो, पिस्टन खाली जात असतो, त्यामुळे इनलेटच्या बाजूला जोराची ओढ तयार होते आणि ती गाईडमधून ऑइल खेचते. खाली येऊन परत थ्रॉटल दिलात की मागे एकदम निळा लोट. तुमच्या रस्त्यावर एवढा घाट नाही, पण हायवेवरून उतरताना लांबवर थ्रॉटल सोडून मग एकदम द्या आणि मागच्या गाडीवर मित्राला बघायला सांगा. चालवणाऱ्याला स्वतःचा धूर आरशात क्वचितच दिसतो.

चढावर, ओझं असताना, थ्रॉटल उघडा असताना धूर सतत येत असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर रिंगा किंवा ब्लॉक. ब्रीदर पाइप काढून बघितला तर तिथूनही धुरासारखा फुत्कार येतो, कारण जळालेला गॅस रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये शिरत असतो.

थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ यात धरू नका. शंका असेल तर स्टार्ट केल्यावर सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद मिनिटभर धरा. पाण्याचा डाग वाळून जातो, ऑइलचा राहतो. काळा, कोरडा धूर असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे, ऑइलचा संबंध नाही.

स्पार्क प्लगही काढून बघा. ओला, काळा, चिकट असेल तर ऑइल सिलिंडरमध्ये येतंय. पण प्लग चांगला दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या गाईडमधून जाणारं ऑइल थेट सायलेन्सरमध्ये जातं, प्लगला त्याचा पत्ताच नसतो.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते. गेज असलेला मिस्त्री गाठा. इंजिन गरम, प्लग काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवायचं. आकडा लिहायचा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली ऑइल टाकून परत मोजायचं. कोरडं, म्हणजे ऑइल न टाकता, ८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आलं आणि ऑइल टाकल्यावर ११ झालं, तर रिंगा किंवा ब्लॉक झिजलाय, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. फरकच पडला नाही तर व्हॉल्व सीटवर नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट गेलंय.

इथे एक गोष्ट जाणत्या मिस्त्रींच्याही नजरेतून निसटते. कॉम्प्रेशन उत्तम आलं म्हणजे रिंगा उत्तम, असं नसतं. पिस्टनवर तीन रिंगा असतात. वरच्या दोन गॅस अडवतात, तिसरी ऑइल रिंग. ती स्वतः तीन भागांची असते, दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये लाटांसारखी स्प्रिंग. सिलिंडरच्या भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवणं हे तिचं काम. ऑइल उशिरा बदललं किंवा इंजिन वारंवार तापलं की तिच्या खाचेत कार्बन बसतो आणि ती जागेवरच अडकते. गाडीचं पिकअप चांगलं, ॲव्हरेज चांगलं, कॉम्प्रेशन चांगलं, आणि ऑइल मात्र गायब. तसंच व्हॉल्व सील खराब असली तरी कॉम्प्रेशनच्या आकड्यात काहीच दिसत नाही, कारण सील व्हॉल्वच्या दांड्यावर असते आणि दाब व्हॉल्वच्या तोंडाशी अडतो.

तुमची लक्षणं बघता, सकाळचाच धूर आणि नंतर नाही, माझा पहिला संशय व्हॉल्व सीलवर जातो. एवढ्या वर्षांच्या उष्णतेने रबर कडक होतंच. पण नुसत्या सीलमधून हजाराला २०० मिली जाणं मला जास्त वाटतं. म्हणजे एकतर तुमचा आकडा फुगलेला आहे, नाहीतर सीलबरोबर ऑइल रिंगही कामातून गेलीय. दुसरी शक्यता मला खरी वाटते, पण गाडी न बघता यापुढे बोलणं बरोबर नाही.

काम करायची वेळ आलीच तर क्रम सांगतो. आधी फक्त हेड उतरवायचं. व्हॉल्व गाईडमध्ये घालून आडवा हलवून बघायचा. जाणवण्याइतका खेळ असेल तर गाईड बदलायची, नुसती सील टाकून उपयोग नाही. हलणारा व्हॉल्व नवी सीलही थोड्याच दिवसांत खाऊन टाकतो. हेड उतरलेलंच आहे तर ब्लॉकच्या आत, वरच्या टोकाला नख फिरवून बघा. पहिली रिंग जिथून उलटी फिरते तिथे झीज सगळ्यात जास्त असते. नखाला पायरी अडकली तर ब्लॉक उतरवायचाच.

ब्लॉक उतरवल्यावर एक रिंग त्यात घाला, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. एकदा वर, एकदा तळाशी. तळाशी झीज जवळजवळ नसते. दोन्हीकडच्या फटीत मोठा फरक आला तर ब्लॉक शंकूसारखा झिजलाय आणि त्यात नव्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. वर रुंद आणि खाली अरुंद झालेल्या भोकाला नवी रिंग सगळीकडे सारखी टेकणार कशी? सुरुवातीच्या वर्षांत गिऱ्हाईकाचा खर्च वाचावा म्हणून मी असं दोनदा केलं. दोन्ही गाड्या दोन महिन्यांत परत आल्या आणि मजुरी न घेता मी परत उघडल्या. तेव्हापासून मोजल्याशिवाय नुसत्या रिंगा टाकत नाही.

ब्लॉक बिडाच्या स्लीव्हचा असेल तर बोअर करून मोठा पिस्टन बसतो. ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलीमीटर अशा पायऱ्यांनी पिस्टन मिळतात. आमच्याकडे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम उत्तम होतं, कराड-साताऱ्यातही चांगले लेथवाले आहेत. लेथवाल्याला नुसता आकडा सांगू नका, नवा पिस्टन हातात द्या. तो पिस्टन मोजूनच बोअर करायला हवा आणि शेवटी होनिंग करून आत तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडायला हव्यात. त्या रेघांतच ऑइल टिकतं आणि रिंगा बसतात. आतून लेप दिलेला ब्लॉक बोअर होत नाही, तो बदलावाच लागतो. विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलचा कोणता ते विचारा.

आणि ब्लॉक झिजला का, तेही शोधा. आमच्या भागात साखर कारखान्यांच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्यांची धूळ असते. फिल्टर फाटका असेल, किंवा बॉक्सचं झाकण नीट बसत नसेल, तर ती धूळ आत जाऊन पॉलिश पेपरसारखं काम करते. फिल्टर तसाच ठेवून नवा ब्लॉक टाकलात तर तोही टिकणार नाही.

आता मित्राचा सल्ला. कंपनीने सांगितलेला ग्रेड २० डब्ल्यू ५० असेल तर त्याच्यापुढे जाऊन उपयोग नाही. १० डब्ल्यू ३० सांगितलेलं असेल आणि गाडी जुनी झाली असेल, तर उन्हाळ्यात २० डब्ल्यू ४० वापरून खप थोडा कमी होतो, मीही हे करून देतो. पण त्याने झीज भरून येत नाही. कारचं ऑइल मात्र कधीही टाकू नका. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लच घसरायला लागतो. बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं मानक) लिहिलेलं बघूनच घ्या.

खर्च आत्ता जमत नसेल तर हजाराला १५०-२०० मिली घेणारी गाडी अजून बरीच चालवता येते. दर ५०० किलोमीटरला लेव्हल बघायची, सोबत त्याच ऑइलची अर्धी बाटली ठेवायची, प्लग साफ करत राहायचा, आणि पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतोय का तिकडे लक्ष ठेवायचं. टॉपअप केलं म्हणून ऑइल बदलणं लांबवायचं नाही, कारण आतली घाण टॉपअपने निघत नाही.

मला भीती धुराची नाही, रिकाम्या इंजिनाची आहे. ऑइल तळाला गेलं की आधी हेड कोरडं पडतं, टॅपेटचा आवाज वाढतो, मग कॅम आणि कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जातं, आणि हाफ इंजिनच्या जागी फुल इंजिन, म्हणजे खालच्या क्रँकसकट सगळं काम, येतं. हायवेवर ८० च्या वेगात पिस्टन जाम झाला तर मागचं चाक लॉक होतं. म्हणून टॅपेट एकदम वाजायला लागले, किंवा गाडी ओढायची बंद होऊन जड वाटायला लागली, तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या. गाडी थंड होईपर्यंत परत स्टार्ट करून बघू नका.

तर आज संध्याकाळी वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहा आणि फिल्टरचा बॉक्स उघडून बघा. ५०० किलोमीटर झाले की किती मिली लागलं, थ्रॉटल सोडून दिल्यावर मागच्याला धूर दिसला का, आणि कॉम्प्रेशनचे कोरडा-ओला दोन्ही आकडे, एवढं मला कळवा. हेड उतरवायचं की ब्लॉकही, ते त्यावरून सांगतो.